पहिला पाड

एक मेच्या सकाळी झेंडावंदन झालं आणि बन्सीलाल गुरुजींनी शाळेच्या ओट्यावरच निकाल वाटला. छगनआबांची नात हेमांगी पहिलीतून दुसरीत गेली. दुसरीतली रोशनी तिसरीत गेली, आणि तिला गुरुजींनी वेगळा कागदही दिला. वर्षभरात तिने शाळा एक दिवससुद्धा बुडवली नव्हती. टाळ्या वाजल्या तशी ती कागद तोंडापुढे धरून उभी राहिली. लोकांना तिचं कपाळ आणि तेल चोपडलेले केस तेवढे दिसत होते.

रोशनी ही जामसिंगची मुलगी. जामसिंग पावरा आदिवासी, सातपुड्याच्या पायथ्याचा. सहा वर्षांपासून तो छगनआबांकडे सालदार होता. म्हणजे आखाजी ते आखाजी, एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, अशी वर्षाची बोली करून शेतातलं सगळं काम त्याच्याकडे. विहिरीजवळच्या खोपीत तो, बायको गुंताबाई आणि ही पोर राहत.

निकाल लागला की मुलांना कुठंतरी न्यायचं, असं आबांच्या मुलाने, प्रेमराजने, कबूल केलं होतं. सोनगीरचा किल्ला ठरला. सून उषाने दुपारीच बट्ट्या तळल्या, डब्यात घट्ट वरण भरलं, वर तुपाची बाटली आणि कांदे. हेमांगी मात्र गाडीत बसायला तयार होईना.

"रोशनी नही तं मीबी नही."

"अगं, तिच्या आईला विचारायला नको?" उषा म्हणाली.

"इचारी उनू मी. ती तयार शे."

रोशनी खरंच तयार होऊन वडाखाली उभी होती. निकालाला घातलेलाच फ्रॉक, आणि पाठीला दप्तर. हेमांगीच्या धाकट्या भावाने, भूषणने, तिला चिडवलं, "शाळाले सुट्टी लागनी, तरी दप्तर?" ती हेमांगीकडे बघून फक्त हसली आणि दोघी पिकअपच्या मागच्या फळीला टेकून बसल्या. आबा पुढे, प्रेमराजशेजारी.

छगनआबा माणूस वाईट नव्हता. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन सांभाळायची त्याला फार सवय झाली होती. त्या दिवशी त्याच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. विहिरीवरच्या शेंदऱ्या आंब्याला पहिला पाड लागला होता. झाडावर पहिलं पिकलेलं फळ ते. खान्देशात आखाजीला पितरांची घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात, आणि तोवर जुनी माणसं आंब्याला तोंड लावत नाहीत. आबाचा बाप तर वासही घेऊ नका म्हणायचा. आखाजीला अजून नऊ दिवस होते. पण हे फळ आताच उतरवून पेंढ्यात ठेवावं, म्हणजे ते घागरीच्या दिवसापर्यंत टिकेल, असा आबाचा बेत होता. सकाळी झेंड्याला जाण्याआधी तो झाडाखाली गेला, तर फांदी रिकामी. पाखराने पाडलं म्हणावं तर खाली साल नाही, कोय नाही.

सोनगीरला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. किल्ला काही फार उंच नाही. मुलं पुढे पळाली, मोठी माणसं दम खात मागून गेली. वर वारा बरा होता. सुट्टी लागली म्हणून आणखी दोन-तीन घरची माणसं पोरं घेऊन आली होती. धुळ्याच्या एका बाईने उषाशी लगेच ओळखही काढली. उषाने चादर अंथरली आणि बट्ट्या कुस्करायला घेतल्या.

"पोरींनो, जेवायला या," तिने हाक मारली.

हेमांगी आणि रोशनी एका पडक्या भिंतीआड दप्तराला डोकी लावून बसल्या होत्या. आबा त्यांना बोलवायला गेला, आणि भिंतीशी पोचताच थबकला. वास आला. पिकल्या शेंदऱ्याचा वास त्याने पन्नास वर्षं ओळखला होता.

"हाऊ वास कसाना शे?"

 रोशनीने दप्तर पोटाशी ओढलं. झालं, तेवढंच पुरलं. आबाने ते तिच्या हातातून हिसकलं आणि उलटं केलं. खडकावर प्रगतिपुस्तक पडलं, गुरुजींचा कागद पडला, खडूचे तुकडे, चिंचोके, आणि फडक्यात गुंडाळलेला आंबा.

"मना पितरस्ना आंबा," आबाचा आवाज चढला. "आमनं खाईसन आमनाच घरमा चोरी? किती चांगलं वागाडं तुम्हले. शेवटी जातवरच गई ना."

किल्ल्यावरची माणसं बोलायची थांबली. धुळ्याच्या बाईने आपल्या पोराला जवळ घेतलं. प्रेमराज धावत आला. "आबा, जाऊ द्या ना. लेकरू आहे."

"लेकरू म्हनीसनच शिकाडनं पडस."

रोशनी रडली नाही. ती खाली बसली, एकेक वस्तू उचलली, गुरुजींच्या कागदावरची माती फ्रॉकने पुसली आणि सगळं दप्तरात ठेवलं. उषाने तिच्यापुढे ताट धरलं तर म्हणाली, "काकू, मना पोटमा दुखस." मग ती एकटीच खाली उतरली आणि सगळे येईपर्यंत गाडीच्या चाकाजवळ बसून राहिली. हेमांगीनेही दोन घासांवर हात धुतला. एकट्या भूषणने तुपात भिजलेल्या तीन बट्ट्या संपवल्या.

परत येताना आंबा आबाच्या मांडीवर, उपरण्यात होता.

घरी आल्यावर आबा ओट्यावर पाय धुवत होता. दिवेलागणीची वेळ. हेमांगी येऊन खांबाला टेकली. बराच वेळ ती खांबाचा रंग नखाने खरवडत होती.

"आबा, तो आंबा तिनाच व्हता."

"तिना कसा?"

"तुम्हीच तिले कबूल करेल व्हतं. शाळा उघडनी तवय. मी जात नव्हती, रडी ऱ्हायंती. तुम्ही म्हनात, रोशनी, वरीसभर इले हात धरीसन शाळामा ले जाय, शेंदऱ्याना पहिला पाड तुना."

आबाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आणि मग आठवलं. शेकोटीत विझला म्हणून सोडलेला निखारा फुंकर बसताच लाल व्हावा, तसं सगळं लख्ख आठवलं. जूनची सकाळ, दाराची चौकट घट्ट धरून आकांत करणारी हेमांगी, तिला सोडवून सोडवून थकलेली उषा, आणि शेणाची पाटी घेऊन चाललेली ही पोर. आबा चहा पीत होता. मस्करीत म्हणावं तसं तो बोलून गेला होता. पोरीने पाटी खाली ठेवली होती, हात धुतले होते आणि हेमांगीचा हात धरला होता.

तो हात तिने वर्षभर सोडला नव्हता. पावसाच्या चिखलात, कापूस वेचणीच्या दिवसांत, स्वतःच्या अंगात कणकण असताना. तिचा बाप आबाचं साल भरत होता, आणि पोरही तिकडे आपलं एक साल भरत होती. बापाची बोली लिहून ठेवलेली असते. पोरीची बोली तिने फक्त मनात ठेवली होती.

"मग तठे का नही बोलनी तू?" आबाने विचारलं. 

हेमांगीची मान खाली गेली. "माले वाटनं तुम्ही मालेबी चोर म्हनशात. आम्ही दोन्हीजनी वर जाईसन खानार व्हतू. भूषणले न देता."

आबाने तिला जवळ ओढलं, पण तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

आता खरं तर त्याच पावली उठून खोपीवर जायला हवं होतं. शेताला जायला लागतात दहा मिनिटं. पण माणसाला चूक करायला क्षण पुरतो आणि ती कबूल करायला पाय सापडत नाहीत. आबाने स्वतःला सांगितलं, सकाळी जाऊ. सकाळी जामसिंग नेहमीसारखा आला, बैलांना चारा टाकला, केळीला पाणी लावलं. त्याच्या तोंडावर काही दिसेना. आबाला वाटलं, पोरीने घरी सांगितलं नसेल. मग आपणच कशाला उकरून काढा? असं वाटलं याचीही त्याला लाज वाटली, पण तो गेला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने उषाच्या हाती रोशनीसाठी नवा फ्रॉक पाठवला. उषा घडी न मोडलेला फ्रॉक घेऊन परत आली.

"गुंताबाई म्हणाली, तिच्याकडे आहे एक." उषाने फ्रॉक खाटेवर ठेवला. "आबा, कापडाने नाही व्हायचं ते. आणि मला पाठवून तर नाहीच."

सुनेने असं तोंडावर बोलायची ही पहिली वेळ. आबाने ऐकून घेतलं.

पाचव्या दिवशी जामसिंग गोठ्याच्या दाराशी उभा राहिला. "आबा, आखाजीले साल भरस. पुढलं साल मी अमळनेरकडे धरं."

"काय कमी पडनं रे?"

"कमी काहीच नही."

"पोरीनी शाळा?"

"तठे शे शाळा." एवढं बोलून तो वैरण कापायला गेला.

तेव्हा कुठं आबाचे पाय उठले. घरात जाऊन त्याने पेंढ्यातून तो आंबा काढला, एका बाजूने तो आता मऊ पडला होता, आणि तसाच उन्हाचा खोपीवर गेला. गुंताबाई चूल सारवत होती. रोशनी अंगणात चिंचोके खेळत होती. आबाला येताना पाहून ती उठली. खोपीत गेली, खुंटीवरचं दप्तर काढून आणलं आणि आबाच्या पुढ्यात मातीवर उलटं केलं. मग दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणतात असं आबाला आजवर वाटायचं.

"बेटा," तो म्हणाला, आणि पुढचं येईना. मागून जामसिंग येऊन उभा राहिला होता. आबा त्याच्याकडे वळला, कारण मोठ्या माणसाशी बोलणं सोपं होतं. "जामसिंग, मी इसरी गऊ रे. मीच तिले कबूल करेल व्हतं. मना ध्यानमाच नही ऱ्हायनं."

"तुम्ही इसरी ग्यात, हाई खरं," जामसिंग शांतपणे म्हणाला. "पोरबी आम्हले तेच म्हननी, आबा इसरनात. पन ते दुसरं बोलनात, जातनं, ते काय इसरीसन बोलनात का?"

 आबाने आंबा रोशनीपुढे धरला. तिने आईकडे पाहिलं. गुंताबाई सारवणाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "घागरवर ठेवा आबा. पितरस्ना शे म्हनात ना."

आबाने तो परत आणला, पण घागरीवर ठेवला नाही. त्या आखाजीला बापाच्या नावाने घागर भरताना त्याने बाजारातून आणलेला आंबा ठेवला, आणि हात जोडले तेव्हा मागायला काही सुचलं नाही. घरात आमरस झाला, खापराच्या पुऱ्या, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या, झाल्या, लिंबाला मुलांसाठी झोका बांधला. हेमांगी झोक्यावर बसली, पण झोका द्यायला कुणाला बोलवू म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत यायचे होते, सुट्टीतले शेवटचे कागद उरकायला. जामसिंग रोशनीला घेऊन दाखला काढायला निघाला. आबाही निघाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

शाळेत दोन पालक बसले होते, खिचडी शिजवणाऱ्या भागाबाई भांडी मोजून कपाटात ठेवत होत्या. गुरुजींनी चष्मा वर केला.

"अरे जामसिंग, पोर एवढी नियमित, आणि नेतोस कुठं तिला? आबा, तुम्ही तरी समजवा याला. असा सालदार सोडता कसा?"

सगळ्यांनी आबाकडे पाहिलं. जामसिंगच आधी बोलला. "आबास्नं काही नही गुरुजी. आमनंच काम शे तिकडे."

आबाला झाकून न्यायचं त्याला काहीच कारण नव्हतं. तरी त्याने झाकलं. आबाने नुसती मान हलवली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. गावात त्याचं वजन होतं तेवढंच राहिलं असतं. मान हलायला निघालीही होती. मग त्याला दाराशी उभी रोशनी दिसली. ती गुरुजींकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"गुरुजी, तो मला सांभाळून घेतोय," आबा म्हणाला. "मी या पोरीला आंबा कबूल केला होता. तो तिने घेतला तर सोनगीरला चार लोकांत मी तिला चोर म्हणालो. तिची जात काढली. तिने काही केलेलं नाही. म्हणून चालले ते."

भागाबाईंच्या हातातलं पातेलं कपाटाशी थांबलं. बसलेल्यांपैकी एकजण खाकरला आणि खिडकीबाहेर बघू लागला. गुरुजींनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"आबा, तुम्ही," एवढंच ते म्हणाले. मग दाखल्याचा कागद पुढे ओढून, "शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"काम लिहा," जामसिंग म्हणाला.  "तिना दाखलामा हाई नको. तिले जनमभर तो दाखला संगे वागाडना शे."

ते आबाच्या लक्षातच आलं नव्हतं. आपण मोकळे व्हायला निघालो होतो, ओझं पुन्हा पोरीच्याच कागदावर टाकत होतो. त्याने मान खाली घातली.

गुरुजींनी लिहिलं, शिक्का मारला आणि दाखला रोशनीच्या हातात दिला. तिने तो बोट ठेवून सगळा वाचला, नावापासून सहीपर्यंत, आणि बापाच्या हाती दिला.

मनातलं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. आबाला तसं काही वाटलं नाही. शाळेतून शेताकडे एकच वाट जाते. जामसिंग आणि रोशनी पुढे निघाले. सहा वर्षं त्या वाटेने आबा पुढे आणि जामसिंग चार पावलं मागे, असंच चालणं झालं होतं. आज जामसिंग एकदा थांबला, सवयीने बाजूला झाला, आबाला पुढे जाऊ द्यावं म्हणून. आबाने हातानेच त्याला चालायला सांगितलं आणि ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत उन्हात उभा राहिला.