ट्रकबरोबर आलेली बहीण

लाज झाकायला कुणी तोंड फिरवतं, कुणी खोकल्याचं निमित्त करतं. बुरुलने अख्खा ट्रक आणला होता.

ट्रकात पिठाची पोती होती, तेलाचे डबे, गोधड्या, साबण. ओश शहरातल्या तिच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीने चार दिवस दारोदार फिरून हे गोळा केलं होतं. पाळक एमिल पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसला होता. शहरात वाढलेला, तिशीतला, पोती स्वतःच्या पाठीवर वाहणारा सरळ माणूस. त्याला नावं ठेवायला जागा नाही. या गोष्टीत जे काही वाईट घडलं ते बुरुलने केलं आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नाही.

आक-जार या तिच्या गावावर दरड कोसळली ती सोमवारी पहाटे. बर्फ वितळून भिजलेला डोंगर खालच्या आळीतल्या नऊ घरांवर आला. बुरुलच्या थोरल्या बहिणीचं, कालिपाचं घर त्यातच होतं. कालिपा आणि तिची सून बाहेर पळाल्या; मुलगा परदेशात कामाला होता. मामासाली, कालिपाचा नवरा आणि बुरुलचा जेज्दे, म्हणजे दाजी, गाय सोडायला मागे फिरला आणि तिथेच गाडला गेला.

आईबाप गेल्यावर याच जेज्देने बुरुलला लहानाची मोठी केली होती. अकरा वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुसलमान गाव खवळलं. हिला आमच्या कबरस्तानात जागा मिळायची नाही, असं म्हाताऱ्यांनी ठणकावलं आणि कालिपाने दार लावून घेतलं. एकटा मामासाली तिला बसपर्यंत पोचवायला आला. "मी आहे तोवर तुला या मातीत जागा आहे," तो म्हणाला. "कोण अडवतो ते बघतो मी." नंतर त्याने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि नुसत्या सदऱ्यावर घरी गेला.

सोमवारी दुपारी फोन आला तेव्हा बुरुलने लगेच निघायला हवं होतं. आक-जारला जायला सहा तास लागतात. जवळच्या माणसाने कसं जायचं असतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. रिकाम्या हाताने जायचं, घर दिसायला लागलं की हंबरडा फोडायचा आणि तसंच रडत आत शिरायचं. आतल्या बायका विलाप गात उत्तर देतात, सरकतात, मग भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्यांच्या ओळीत तुम्हाला जागा मिळते. त्या ओळीत घरच्याच बायका बसतात. बुरुलला जगात दुसरं काही नको होतं. पण सगळ्या गावासमोर तिने हंबरडा फोडला आणि आतून कुणी उत्तरच दिलं नाही तर?

तेवढ्यात एमिल म्हणाला, "बुरुलताई, शुक्रवारपर्यंत थांबा. सगळे मिळून ट्रक घेऊनच जाऊ. रिकाम्या हाताने कशाला जायचं?"

आणि बुरुलला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. ट्रक घेऊन आलेल्या बाईला कोण हाकलणार?

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात वाटप सुरू झालं. गावची माणसं ओळखीची म्हणून यादी बुरुलच्या हातात दिली होती. अंगात मंडळीचं निळं जाकीट, छातीवर पांढरं कबुतर. लोक येत होते, नाव सांगत होते, सामान घेऊन जात होते. तिला सगळ्यांनी ओळखलं, पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही. चौदाव्या नावाला काळा रुमाल बांधलेली कालिपा समोर आली.

बुरुलने मान वर केली नाही. "कालिपा मामासाली," तिने वाचलं. "माणसं तीन."

"दोन," कालिपा म्हणाली.

यादी दरडीच्या आधीची होती. बुरुलने तीन खोडलं आणि दोन लिहिलं. तिच्या तोंडून पुढचे शब्द सवयीने निघाले, सकाळपासून ती तेच म्हणत होती.

"इथं सही करा."

कालिपाने सही केली, पोतं सुनेच्या पाठीवर दिलं, तेलाचा डबा स्वतः उचलला आणि निघून गेली. बुरुलला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणीने पोटात घ्यावं. पण पंधरावा माणूस समोर उभा होता, म्हणून तिने पंधरावं नाव वाचलं.

वाटप संपल्यावर एमिल म्हणाला, "आता तुमच्या बहिणीला भेटून येऊ. मीही येतो, प्रार्थना करू." नको म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. जाकीट काढायचंही तिला सुचलं नाही.

वरच्या आळीतल्या कुणीतरी आपलं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, गोल तंबूघर आणून कालिपाच्या मोडक्या कुंपणाजवळ उभं केलं होतं. बाहेर तीनचार पुरुष काठ्यांवर रेलून उभे होते. बुरुलला येताना पाहून ते सावरले, तिच्या रडण्याला साथ द्यायला तयार झाले. आत बायकांनी रुमाल पुढे ओढले असणार. बुरुलने तोंड उघडलं. शेजारी एमिल होता, ज्याने इतकी वर्षं शिकवलं होतं की विश्वासणाऱ्यांनी आक्रोश करू नये, देवाघरी भेट व्हायचीच आहे. पण तेही निमित्तच. ज्या बहिणीला तासाभरापूर्वी सही करायला सांगितलं तिच्या दारात हंबरडा कुठल्या तोंडाने फोडायचा?

"सलाम," बुरुल म्हणाली.

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा काठ्यांवर रेलले.

कालिपा स्वतः दारात आली. "या, या. आत या, बसा." तिने दोघांना दारासमोरच्या मानाच्या जागी नेलं. जाड गादी घातली, रोटी मोडून पुढे ठेवली, बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, ओतले, चहा दिला. उजव्या हाताला पाचसहा बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बुरुल पाहुण्यांच्या गादीवरून त्यांच्या पाठी बघत राहिली.

त्यांतली एक म्हातारी वळली, डोळे बारीक केले. "अगं कालिपा, ही आपली बुरुल ना गं?"

"नाही हो आजी," कालिपा म्हणाली. "संस्थेच्या बाई आहेत. लांबून आल्यात बिचाऱ्या. चहा घ्या ना बाई, निवतोय."

बुरुलने चहा घेतला. तोंड भाजलं तरी प्याली.

एमिलने मनापासून प्रार्थना केली. कालिपाने दुआनंतर फिरवतात तसे चेहऱ्यावरून हात फिरवून प्रार्थनेचा मान राखला. निघताना तिने बुरुलच्या हातावर छिटाच्या कापडाचा एक तुकडा ठेवला. दुखवट्याला आलेल्या बाहेरच्या बायकांना देतात तसा. "तुमचे उपकार झाले हो," ती म्हणाली. त्या आवाजात राग असता तरी बुरुलला चाललं असतं.

ट्रक निघाला. गाव वळणाआड गेलं आणि मग बुरुलच्या पोटातून तो आवाज आला, पाच दिवस अडकलेला. एमिल घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. "रडा ताई, मोकळ्या व्हा. देव ऐकतोय."

ड्रायव्हर ताशबोलोत ना नमाज पढणारा, ना प्रार्थनेला बसणारा. भाड्यापुरता आलेला माणूस. त्याने करकचून ब्रेक लावला.

"एजे, ताई, इथं कसल्या रडताय?" तो म्हणाला. "मेलेल्याचं घर मागं राहिलं."

बुरुल उतरली. जाकीट सीटवर टाकलं. एमिल काहीतरी म्हणत होता, आपण सोबत येतो असंच असावं. "तुम्ही बसा, पाळकसाहेब," ती म्हणाली. "याला सोबत लागत नाही."

पहिलं घर दिसताच तिने हंबरडा फोडला. आवाज फाटका निघाला, मध्येच चिरकला. सकाळी तिच्या हातून साबण घेतलेले लोक तंबूंबाहेर येऊन बघायला लागले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तरी ती चालत राहिली. काठ्यांवरच्या पुरुषांपैकी एकच, सगळ्यात म्हातारा, तिच्या रडण्यात सूर मिळवू लागला. आतून काहीच आलं नाही. बुरुल दाराशी गुडघ्यांवर बसली. आता आत जायचं की परत फिरायचं, हे तिला कुणी सांगणार नव्हतं.

मग कालिपाने गळा काढला.

"उठा हो मामासाली, बघा कोण आलं,
धाकटी आली तुमची, ट्रकात बसून आली.
तुमच्यावर डोंगर पडला तेव्हा कुठं होती?
साबण बांधत होती, साबण.
जिला कोट दिलात तिनं तुम्हाला खोडलं,
उठा, विचारा तिला, उशीर का झाला?"

एकेक ओळ कानाखाली बसत होती आणि एकही खोटी नव्हती. म्हातारी आजी जागेवरून थोडी सरकली. बुरुल रांगत आत गेली आणि त्या रिकाम्या जागेत भिंतीकडे तोंड करून बसली. विचारलेल्या प्रश्नाला त्याच सुरात उत्तर द्यावं लागतं. अकरा वर्षांत तिने स्तोत्रांखेरीज काही गायलं नव्हतं, विलापाचा एकही शब्द तिला आठवेना. होतं तेवढंच तिने बाहेर काढलं, नमद्याला कपाळ टेकून.

"मला भीती वाटली, जेज्दे. ट्रक मिळाला म्हणून मला आनंद झाला, जेज्दे."

बाहेरचा म्हातारा रडायचा थांबला. बुरुलने डोळे मिटून घेतले.

"मोठ्यानं म्हण गं," शेजारून कालिपा म्हणाली. "त्यांना कमी ऐकू यायचं."