ठकीची मिठी

हेमांगीची चाल सोमवारी ठकीला गेली, तेव्हापासून ती ऑफिसात चाकांच्या खुर्चीवरून फिरत होती. तिची तशी काही तक्रार नव्हती. उलट चहा जागेवर मिळू लागला होता.

ऑफिस म्हणजे कोल्हापुरात एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्या, आणि माणसंही दोनच. हेमांगी चित्रातल्या बाहुल्यांना हालचाल द्यायची आणि इरफान त्या मोबाइलच्या खेळात बसवायचा. लाकडी खेळणी करणाऱ्या एका कंपनीची ठकी ही बाहुली त्यांना फोनवर आणायची होती. हेमांगीची पद्धत ठरलेली. बाहुलीनं जे करायचं, ते आधी आपण कॅमेऱ्यासमोर करायचं. ती चालली, इरफाननं तिची चाल उचलून ठकीत घातली, आणि घाईत कॉपी करायच्या जागी कट केलं.

"आता रे?" हेमांगीनं विचारलं.

"आता काय! क्लायंटला लई आवडलीया, ताई."

आवडणारच. ठकी पडद्यावर अशी ठुमकत चालली की हेमांगीला स्वतःच्याच चालीचा हेवा वाटला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते काही उगीच नाही. पुढं तिनं ठकीला मान वळवून बघणं दिलं, मग शिंक, मग कपाळावरचे केस सारणं. इरफाननं कॉपी करूनही पाहिलं, पण कॉपी केलेली हालचाल ठकीच्या अंगात लाकडासारखीच राहायची. कट केलेली तेवढी जिवंत व्हायची.

मग कंपनीच्या गुळवणीबाई आल्या. त्यांनी ठकीला चालवलं, शिंकायला लावलं, पोटभर हसल्या.

"सगळं झकास आहे हो," त्या म्हणाल्या. "पण खेळातलं मूल रडायला लागलं की ही नुसती बघत उभी. तिनं जवळ घ्यायला नको?"

"माझी मिठी घ्या की," इरफान म्हणाला आणि त्यानं ती करून दाखवली. सिमेंटचं पोतं उचलावं तशी. बाईंनी नाक मुरडलं.

हेमांगीजवळ मिठी होती, पण ती रेवाची होती. पाच वर्षांची रेवा शाळा सुटली की थेट इथं यायची आणि धावत येऊन आईच्या कुशीत शिरायची. तेवढं एक हेमांगीनं कुणाला दिलं नव्हतं.

"हे ऱ्हाऊ द्या, ताई," इरफान हळूच म्हणाला. "दुसरं कायतरी सांगू बाईंना."

पण पडद्यावर मूल रडत होतं आणि ठकी हात लोंबकळत ठेवून उभी होती. हेमांगीला ते बघवेना. हातचं राखून काम करणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिनं कॅमेऱ्यासमोर हात पसरले, रेवाला घ्यायची तशी हवा छातीशी धरली आणि जराशी डुलली.

"कट कर," ती म्हणाली.

ठकीनं मुलाला जवळ घेतलं. मूल रडायचं थांबलं. गुळवणीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, खेळ पसंत असल्याचं सांगितलं आणि त्या पेढे आणायला गेल्या. इतकं चांगलं काम आपल्या हातून आजवर झालं नाही, असं हेमांगीला वाटलं. ते हात आता मांडीवर गप्प पडले होते.

इरफान ठकीचा टॅब चार्जिंगला लावून जमिनीवर ठेवत होता, तेवढ्यात रेवा आली. खुर्चीपर्यंत धावत येऊन थांबली.

"आई, घे की."

"मला येत नाही गं आता," हेमांगी म्हणाली. तिनं डोळ्यांनीच टॅब दाखवला. "तिच्याकडं आहे बघ."

काचेत ठकी हेमांगीच्या चालीनं पुढं आली. तिनं केस मागं सारले, वर पाहिलं आणि हात पसरले. रेवानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. मग दारात काढतात तसे तिनं बूट काढले आणि जोडीनं कडेला ठेवले.

"सावकाश हं," हेमांगी म्हणाली.

रेवानं काचेतून एक पाय आत टाकला.