ही द्वारका कोण?

१९९८च्या उन्हाळ्यात अरुंधती भोकरदनकडच्या भिल्लवस्तीत आली, ती आपला जाडजूड प्रबंध पिशवीत घेऊन. जालन्याच्या कॉलेजात ती शिकवायची. त्याआधी तीन वर्षं सुट्टी लागली की एसटी पकडून इथल्या साळूबाई सुईणीपाशी येऊन बसायची, बाळंतपणाची गाणी अन् झाडपाला लिहून घ्यायची.

साळूबाईला वाचता येत नव्हतं. "वाच की," ती म्हणाली आणि हनुवटीला हात लावून ऐकायला बसली. चार पानं झाली नाहीत तोच तिनं थांबवलं.

"ही द्वारका कोण गं? माही गाणी हिला कशी ठाव?"

"मावशी, द्वारकाबाई म्हणजे तुम्हीच. नाव बदललं, उद्या तुम्हाला कुणी त्रास देऊ नये म्हणून."

"गाण्याचा कसला तरास? म्या ती माह्या माईकून शिकले. ठमाबाई तिचं नाव. तेबी न्हाई?"

"नाही."

"बरं. वाच म्होरं."

पुढं एका तरुणीची हकिकत होती. पोटातलं मूल गेलं, नवऱ्यानं टाकली. अरुंधतीनं लिहिलं होतं, 'विहिरीजवळच्या घरातली एक स्त्री.'

साळूबाई ताठ झाली. "विहिरीपाशी घर एकच हाय. बेबीनंदाचं. आंधळ्यालाबी कळंल. तिला इचारलं व्हतं का?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं."

"तुला सांगितलं. पुस्तकाला न्हाई."

अरुंधतीनं ते पान पुन्हा मनात वाचलं. जे झाकायचं ते उघडं पडलं होतं अन् जे मिरवायचं तेच झाकलेलं. हे तिला विद्यापीठात कुणी विचारलंच नव्हतं.

दोघी उठून बेबीनंदाकडं गेल्या. तिनं उंबऱ्यातच उभं राहून ते पान ऐकलं. मग म्हणाली, "हे काढा."

अरुंधतीनं आपल्या प्रतीतलं पान तिथंच फाडून तिच्या हाती दिलं. ते पान वगळावं म्हणून विद्यापीठाला अर्ज केला, पण जमा झालेला प्रबंध बदलता येत नाही, असं उत्तर आलं. पुढं तिनं गाण्यांचं छोटं पुस्तक काढलं, त्यावर साळूबाईचं नाव घातलं, ठमाबाईचंही. ते द्यायला आली तेव्हा अर्जाचं काय झालं, तेही तिनं बेबीनंदाला लपवलं नाही.

"तिथं ते कोन वाचतं?" बेबीनंदानं विचारलं.

"फारसं कुणी नाही."

"मंग तुमी लिव्हलं कशापायी?"

प्रश्नात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अरुंधती तिच्या ओट्यावर बसली आणि अगदी पहिल्यापासून सांगू लागली.