टाकीतला ताडगूळ

"ओदाह, टाकीतलं पाणी कुठं गेलं?"

माझ्या सासऱ्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. सासूबाई मात्र हातात खराटा घेऊन ताडपत्रीच्या गोल टाकीशी ऐटीत उभ्या होत्या.

"मिरच्यांना घातलं. ईद तोंडावर आली, पाहुणे येणार, आणि दारात हे गटार? बघा, आता कसा तळ दिसतोय!"

तळ दिसत होता खरा. डोंगरावरून नळीने आणलेलं पाणी काचेसारखं होतं आणि त्यात बोटाएवढी कार्प माशांची पिल्लं बावरून फिरत होती.

आमच्या सुंदा मुलखात ईदेआधी घासायला काही म्हणून शिल्लक ठेवत नाहीत. घर झालं, कबरी झाल्या, मग टाकी. पण ते तपकिरी पाणी हीच तर सासऱ्यांची सगळी कमाई होती. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते विष खाणारे जंतू उसाच्या मळीच्या गोडीवर वाढतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि पिल्लं तेच गठ्ठे मिटक्या मारत खातात. हे त्यांनी आम्हाला शंभरदा समजावलं होतं. सासूबाईंनी शंभरदा कानाआड केलं होतं.

सासरे जन्मभर गारुतची मिनीबस चालवत. नजर अधू झाली, गाडी सुटली, आणि माणूस ओसरीवर बसून समोरची भिंत बघू लागला. पिल्लं आणली तेव्हा त्यांची जुनी शीळ परत आली. आधीच्या दोन खेपा मेल्या होत्या. ही तिसरी गेली तर टाकी कायमची गुंडाळीन, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. खरं सांगते, मला माशांपेक्षा त्या शिळेची काळजी होती.

त्यातून सासूबाईंना दया आली आणि त्यांनी पिल्लांना दुप्पट खाद्य टाकलं. दुसऱ्या सकाळी सगळी पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. मळीच्या डब्यात खडखडाट आणि दुकान सणासाठी बंद.

खालच्या आळीत मासे पाळणारा दादुन स्वतःच्या टाकीतलं तपकिरी पाणी बादलीभर घेऊन धावत आला आणि सासऱ्यांना म्हणाला, "अबाह, हे घ्या विरजण. पण गोड काही नसेल तर लागायचं नाही."

"टॅपिओकाचं पीठ चालेल?" मी विचारलं.

"चालतं गं इमास, पण ते मुरायला वेळ लागतो," सासरे म्हणाले. "पिल्लांकडे कुठं आहे तेवढा वेळ?" आणि ते टाकीच्या कडेला मटकन बसले.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. दर ईदेला त्या कढईभर दोदोल घोटतात. त्यांच्या हातची ती चिकट मिठाई खायला सारी आळी लोटते. त्यासाठी जपून ठेवलेल्या ताडगुळाच्या ढेपा त्यांनी वरवंट्याने फोडल्या, कोमट पाण्यात विरघळवल्या आणि पातेलं बाहेर आणलं.

"अगं, दोदोलचं काय?" सासरे उठून उभे राहिले.

"पाहुणे केळी खातील. माझ्याकडे काय बघता? किती घालायचं ते सांगा!"

"थोडं थोडं घाल. नातवंडांना भरवतेस तसं नको."

दादुन फिस्सकन हसला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने बादली ओतू लागला. त्या दिवशी पिल्लांना खाद्य बंद आणि हवेचा पंप पुरा चालू ठेवला. संध्याकाळी एकेक पिल्लू खाली जाऊ लागलं.

ईदेच्या सकाळी पाणी छान गढूळ झालं होतं. सासरे शीळ घालतच नमाजाहून परतले. मग घरच्या रिवाजाप्रमाणे क्षमा मागायला आम्ही रांगेत उभे राहिलो. आधी बायको नवऱ्यापुढे वाकते, मग मुलं, मग सुना. टाकी घासल्याची चूक सासूबाईंनी अजून कबूल केली नव्हती, त्यामुळे आम्ही सगळे कान टवकारून होतो.

त्या पुढे झाल्या, तोच सासरे खुर्चीवरून उठले आणि त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले.

"हे काय उलटंच? लोक बघतायत!"

"बघू देत." त्यांनी बायकोचा हात धरून कपाळाला लावला आणि चमकून वर पाहिलं. "हात चिकट कसा तुझा? पहाटे परत गूळ घातलास?"

"थोडासाच," सासूबाई पुटपुटल्या. "सणाचा दिवस. पिल्लांनी काय उपाशी राहायचं?"

आम्ही सगळे खदखदून हसलो. सासूबाईंनी हात मागे घेतला नाही.