रिकाम्या बाटलीचा वास

बाटल्यांच्या खोलीत कामाला येणाऱ्या बाईने सकाळी कांदा खायचा नाही, केसांत फूल माळायचं नाही.

नातीने दह्याचा कप खरवडला. मग कप टाकला, झाकण टाकलं, चमचा टाकला, चमच्याची पिशवी टाकली. दही होतं चार घास.

काचेवर काच आपटली की धडधाकट बाटली किणकिणते. तडा गेलेली नुसती ठक्क करते.

"आई, दूध करपून कोळसा झालं. तुम्ही इथेच तर बसला होतात," सून म्हणाली.

दूध करपलं ते सासूबाईंना कळलंच नव्हतं. मागच्या हिवाळ्यातल्या सर्दीने जाताना त्यांच्या नाकातले सगळे वास नेले होते. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, कारण सगळी डेअरी त्यांना नाकाबाई म्हणायची.

दूध काचेच्या बाटलीतून घरोघरी जायचं आणि रिकामी बाटली परत यायची, तेव्हाची ही पदवी. मधल्या काळात लोक बाटलीत काय वाटेल ते भरून ठेवत. कोणी केसांचं तेल, कोणी काढा, कोणी रॉकेल. बाकी सगळं गरम सोड्याने निघे; रॉकेल मात्र हटत नसे. म्हणून धुण्याआधी प्रत्येक बाटली नाकाबाईच्या नाकाखालून जाई. शेजारच्या खुर्चीत दुसरी बाई बसे, तिला सगळे दुर्बीण म्हणत. ती बाटली उजेडासमोर धरून तडे, टवके शोधी. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाचा खोकला हटत नाही, हे नाकाबाई दूधवाल्याआधी सांगे.

मग पिशव्या आल्या. दूध प्यायचं, पिशवी फेकायची. दोन्ही खुर्च्या माळ्यावर गेल्या.

आता गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर रस्त्यापर्यंत उतरला होता आणि डेअरीतल्या नव्या मॅडमनी बाटल्यांचा हट्ट धरला होता. मालक म्हणाले, एक सकाळ देतो. जुन्या बायका बोलवा. एकही खराब बाटली सुटली, तर मी पिशव्यांचाच करार पुढे चालवणार.

घरी बसून सर्दीला दोष देता आला असता. पण ती खुर्ची खाली उतरवलीय म्हटल्यावर नाकाबाईच्याने राहवेना.

मॅडमनी ओळखीपाळखीच्या घरांतून बाटल्या गोळा केल्या होत्या. त्यातल्या दोनतीन मुकादमाने परीक्षेसाठी मुद्दाम नासवून ठेवल्या होत्या.

"नाक शाबूत आहे ना गं?" दुर्बिणीने बसता बसता टोमणा मारला.

"तू तुझे डोळे सांभाळ."

हात काही विसरले नव्हते. तळव्याने बूड उबवायचं, तोंड नाकाशी न्यायचं, एक श्वास, पुढे. नाकाबाई श्वास घेत होती आणि आत नुसती हवा जात होती. देवाचं नाव घेऊन ती एकेक बाटली पुढे सरकवत राहिली.

एक बाटली दुर्बिणीने हळूच मागे ढकलली.

"ही परत बघ."

नाकाबाईने हुंगली. "बरी आहे की."

"अगं, भपकारा येतोय रॉकेलचा." दुर्बीण ओठ न हलवता बोलत होती. मुकादम दाराशीच उभा होता.

नाकाबाईने दुर्बिणीने पास केलेल्या बाटल्यांकडे नजर वळवली. तिसऱ्या बाटलीच्या तोंडाला नखाएवढा टवका होता.

"आणि ती कशी सोडलीस?"

"कोणती?"

"ती. समोरची."

दुर्बिणीने डोळे बारीक केले.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "तुझं?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला म्हणतेस डोळे सांभाळ."

दोघींना एकदम हसू फुटलं. लग्नघरातल्या पोरींसारख्या पदर तोंडाला लावून त्या हसल्या. एके काळी दुर्बीण म्हणायची, नवरा उसना देईन, खुर्ची देणार नाही. आता ती उठून नाकाबाईच्या खुर्चीशी आली.

"सरक."

"ओ, हे काय चाललंय?" मुकादम पुढे आला.

"वारा लागतोय पाठीला," नाकाबाई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांनी वाऱ्यात बसू नये. तुम्हीही सरका."

मॅडम बघत होत्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मुकादमाला चहा सांगायला पाठवलं.

खुर्च्या बदलून दोघींनी तपासलेल्या सगळ्या बाटल्या पुन्हा पहिल्यापासून घेतल्या. नासवलेली एकही सुटली नाही. गावाच्या एका भागापुरत्या बाटल्या सुरू करा, मालक म्हणाले, आणि या दोघींकडून नव्या मुली तयार करून घ्या.

शेवटच्या काही बाटल्या उरल्या, तेव्हा नाकाबाईला राहवलं नाही. एक बाटली उजेडासमोर धरून तिने विचारलं, "ही कोणाकडची असेल गं? काढ्याचा वास येतोय का? तेलाचा?"

दुर्बिणीने दोनदा हुंगलं.

"काही कळत नाही. साबणाचा येतोय. सगळ्यांना तोच वास."

"नीट बघ."

"नाहीये गं दुसरं काही," दुर्बीण म्हणाली. नाकाबाईने ती बाटली पुढे ठेवली.

डेअरीने पिशव्या सुरू केल्या, त्या पहिल्या आठवड्यात कितीतरी घरांनी त्या धुऊन, वाळवून दूधवाल्याकडे परत दिल्या होत्या.