मुखपृष्ठावरची ओळ

पहिलीतल्या एका पोरीला वाचता यायला लागलं आणि तिच्या गुरुजींना घाम फुटला. हसू नका. ज्या गोष्टीसाठी सरकार माणसाला पगार देतं, नेमकी तीच झाल्यावर त्यानं घाबरावं, हे ऐकायला गमतीचं वाटतं. गुरुजींना त्यात गंमत नव्हती.

पांढरकवड्याहून जंगलाच्या अंगानं चौदा किलोमीटर आत गेलं की कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे पाडा, लागतो. बावीस घरं, एक हातपंप आणि जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. भगवानराव गावंडे तिथं सात वर्षं गुरुजी होते. माणूस वाईट नव्हता हो. वेळेवर यायचे, पोरांवर कधी हात उचलायचे नाहीत, खिचडीतली डाळ पातळ झाली तर स्वयंपाकवाल्या बाईला चार शब्द सुनवायचे. फक्त या सात वर्षांत त्यांना कोलामी बोली आली नव्हती. "मी कायले शिकू? पोरांलेच मराठी शिकवाची आहे ना," असं म्हणायचे, आणि वरून हसायचे.

पोरं मात्र मराठी शिकत नव्हती. पुस्तकातली मुलगी लिफ्टनं वर जायची, तिची आई वाढदिवसाला केक करायची. पोडावरची पोरं ती चित्रं बघून गप्प बसायची. चित्रातल्या मडक्यातलं पाणी दाखवून गुरुजींनी विचारलं, "हे काय?" तर पोरांच्या मनात यायचं 'ईर', आणि गुरुजींना हवं असायचं 'पाणी'. चुकण्यापेक्षा तोंड मिटलेलं बरं, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. गुरुजी अहवालात लिहायचे, 'विद्यार्थी लाजाळू आहेत.'

मग दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं. मुलांच्या घरच्या भाषेत, घरच्या गोष्टींची छोटी पुस्तकं तयार करायची. वर त्यांची बोली, खाली मराठी. प्रत्येक शाळेनं एक गोष्ट पाठवायची, निवडलेल्या छापल्या जातील. गुरुजी सरळ मानीबाईकडे गेले. पोडावर गोष्ट सांगावी तर मानीबाईनं, हे त्यांनासुद्धा माहीत होतं. म्हातारी अंगणात बसून सांगायला लागली की शेजारच्या बाया चुलीवरची भाजी करपवायच्या. शाळा सुटल्यावर तीन दिवस ती सांगत गेली, अंगणवाडीतल्या शीलानं दोन्ही भाषांत ओळ न् ओळ लावून दिली आणि गुरुजींनी लिहून घेतली. मोहफुलं वेचायला गेलेली एक पोरगी आणि तिच्या टोपलीत वाटा मागणारं अस्वल, अशी ती गोष्ट. अस्वल फसवतं, पोरगी त्याला दुप्पट फसवते, आणि शेवटी दोघं एकाच झाडाखाली पोट धरून हसतात.

"पुस्तकात तुमचं नाव येईन बरं, आजी," गुरुजी म्हणाले.

"माझं? छापून?" मानीबाईनं शीलाकडे बघितलं, खरं का म्हणून.

"छापून!"

आणि तेव्हा त्यांच्या मनात खरंच तसं होतं, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो. पण अर्जात रकाना होता 'लेखकाचे नाव'. पेन तिथं थांबलं. लिहिलं तर मीच ना, असा विचार आला. म्हातारीला वाचता येतं थोडंच, असा दुसरा आला. दुसरा आला तिथंच त्यांनी थांबायला हवं होतं. त्यांनी 'भगवान गावंडे' असं लिहिलं, सही केली, आणि मानीबाईसाठी शेवटच्या पानावर एक ओळ टाकली : 'पोडावरील ग्रामस्थांचे सहकार्य लाभले.'

पुस्तक निवडलं गेलं. यवतमाळला कार्यक्रम झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, कुणीतरी माइकवर 'कोलामी बालसाहित्यिक' असं म्हणालं. गुरुजींनी मान लववून टाळ्या घेतल्या.

पुस्तकं पोडावर आली त्या दिवशी शाळेपुढं सगळी माणसं जमली. मानीबाई धुतलेलं लुगडं नेसून पुढं आली. पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं, अस्वलाच्या चित्राला हसली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं नाव कुठी आहे, गुरुजी?"

सगळ्या पोडाचे डोळे त्यांच्याकडे लागले होते. नेमकी शीला त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेलेली. गुरुजी पुढं झाले. "हे काय," ते म्हणाले, आणि मानीबाईचं बोट धरून त्यांनी मुखपृष्ठावर, स्वतःच्याच नावावर टेकवलं.

एवढंच केलं. चोरी तर अर्ज भरतानाच झाली होती, पण हे बोट धरणं तिच्याहून वाईट होतं, आणि ते करतानाच गुरुजींना ते कळलं होतं.

म्हातारीनं ती ओळ पाठ केली. चित्राखाली, डावीकडून सुरू होणारी. पाहुणा आला की पुस्तक निघायचं आणि बोट त्या ओळीवर जायचं. "हे मी," ती सांगायची. बायाबापड्या वाकून बघायच्या. वाचता येणारे चारदोन जण पोटापाण्यासाठी बाहेर असायचे, आणि शीलानं एकदा ती ओळ वाचली तेव्हा म्हातारीचा आनंद बघून ती मूग गिळून बसली. गुरुजींशी बोलणं मात्र तिनं कामापुरतं करून टाकलं.

इकडे वर्गात जादू झाली म्हणा ना! अस्वल आपल्या भाषेत बोलतंय म्हटल्यावर पोरांची तोंडं उघडली. आधी वरची कोलामी ओळ, मग तिच्या खालची मराठी. ते पुस्तक संपल्यावर पोरांनी संचातली बाकीच्या शाळांची पुस्तकं मागितली. बंजारा तांड्यावरच्या पोराचं गोरबोलीतलं, पुसदच्या पोरीचं ईदच्या शिरखुर्म्याचं, आजोबांसोबत विहारात जाणाऱ्या सोनूचं. लिफ्टवाला जुना धडासुद्धा पोरं आता वाचू लागली. सगळ्यांत पुढं होती समीक्षा, मानीबाईची नात. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि दिसेल त्या अक्षरावर बोट ठेवायची सवय.

ते बोट दिसलं की गुरुजींना मुखपृष्ठावरची ओळ आठवायची.

आणि मग या शहाण्या माणसानं काय करावं? शाळेतल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. "खराब होतेत," म्हणाले. पण मानीबाईच्या घरच्या पुस्तकाचं काय? म्हणून त्यांनी 'भ' शिकवणं लांबवलं. अक्षरगटांचा तक्ता फिरवला, 'भ' शेवटी ढकलला. 'ग' आला होता, 'व' आला होता, 'न' आला होता. 'भ' म्हटलं की गुरुजी फळा पुसायचे. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. पोरांनी 'भाकर' या शब्दापाशी अडून वर बघितलं तर "थे नंतर" म्हणून पान उलटायचे. वीस वर्षं नोकरी झालेला शिक्षक एक अक्षर पोरांपासून लपवत होता. गाडीवरून घरी जाताना त्यांना स्वतःची इतकी शरम वाटायची की रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर ते नजर चुकवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'भ' शिकवायचे नाहीत.

प्रतिज्ञा त्यांच्या ध्यानातच आली नाही. ती भिंतीवर रंगवलेली होती आणि पोरं रोज ती मोठ्यानं म्हणायची. समीक्षानं एक दिवस पाठ असलेला पहिला शब्द भिंतीवरच्या अक्षरांशी जुळवून बघितला. 'भारत'. झालं, 'भ' तिचा तिनं घेतला.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी परिपाठ नुकताच आटोपला होता. मानीबाई नातीचं मनगट धरून वर्गात शिरली. दुसऱ्या हातात पुस्तक.

"गुरुजी, या पोट्टीले समजावा बरं! खोटं वाचून राह्यली."

"काय झालं, आजी?" गुरुजींनी विचारलं खरं, पण त्यांना काय झालं ते कळलं होतं.

"काल मारेगावचे पावने आलते. म्या त्यायले माझं नाव दाखवलं. तं हे मधातच बोलते, आजी, हे तुहं नाव नाही, गुरुजीचं आहे म्हणे. पावन्यापुढं माही इज्जत घालवली! म्या देल्ली एक थोबाडात." मानीबाईनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "गुरुजीनं सोता दाखवलं मले, अन् हे मोठी शिकलेली! वाच गुरुजीपुढं. वाच आता."

समीक्षाच्या डाव्या गालावर अजून बोटांची लाली होती. तिनं ओळीवर बोट ठेवलं. "ले, ख, क. लेखक. भ, ग, वा, न. भगवान." तिनं वर बघितलं. कुठं चुकलं ते सांगतील म्हणून बघितलं.

वर्गातली अकरा पोरं गुरुजींकडे बघत होती. गुरुजींच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. सोपं होतं, आणि म्हातारी ते ऐकायलाच आली होती. "लहान आहे थे अजून, आजी. होते कधी कधी..."

समीक्षानं पुन्हा ओळीकडे बघितलं. ओठ हलवत एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग तिनं पुस्तक मिटलं आणि खाली मान घालून हळूच म्हणाली, "मले नाही येत वाचता."

गुरुजी खुर्चीवरून उठले.

"येते," ते म्हणाले.

"काय येते?" मानीबाईनं विचारलं.

"तिले वाचता येते, आजी. तिनं बरोबर वाचलं. थे माझंच नाव आहे."

मानीबाईनं पुस्तकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मंग माझं?"

नाही हे ठाऊक असूनही गुरुजींनी पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावरच्या 'ग्रामस्थांचे सहकार्य'पर्यंत सगळी पानं उलटली.

"नाही आहे," ते म्हणाले.

"तुमीच माझं बोट धरून ठेवलं होतं."

"हो."

"समद्या पोडापुढं."

"हो, आजी."

तिनं शिव्या घालाव्यात, पुस्तक तोंडावर फेकावं, असं त्यांना फार वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. ती नातीपुढं जमिनीवर बसली, तिच्या लाल गालावर तळहात ठेवला आणि कोलामीत बोलू लागली. सावकाश, बराच वेळ बोलत राहिली. पोरं ऐकत होती. एकदोघांनी गुरुजींकडे बघून नजर वळवली. समीक्षानं दोनदा मान हलवली. मग मानीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

गुरुजी उभेच होते. मुखपृष्ठावर नाव असलेले ते कोलामी बालसाहित्यिक सहा वर्षांच्या पोरीपुढं वाकले आणि त्यांनी विचारलं, "काय म्हणे आजी?"

समीक्षानं थोडा विचार केला. पोरगी खरं बोलणारी होती.

"गुरुजीले सांगू नको म्हणे."