न विचारता सुधारलेला कान

गाडी शिकवणाऱ्या बाईंचा डावा कान एका शिकाऊ गृहस्थाने घालवला. ब्रेकऐवजी त्याचा पाय भलतीकडेच पडला, गाडी भिंतीवर आदळली आणि बाईंच्या बाजूची काच फुटून कान जवळजवळ मुळापासून कापला गेला. ऐकू व्यवस्थित येत होतं, पण चष्म्याला टेकायला जागा उरली नव्हती. जखम भरल्यावर बाईंनी चष्म्याला दोरी बांधली, कामावर गेल्या आणि त्याच गृहस्थाला पास होईपर्यंत शिकवलं.

मोठ्या हॉस्पिटलात नव्या पद्धतीने कान करून देतात, हे त्यांच्या बाबांनी शोधून काढलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान बंद करून लेकीकडेच राहत होते.

"तुमच्याच बरगडीजवळची कूर्चा घ्यायची, म्हणजे मऊ हाड," सर्जनने समजावलं. "त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत कानाच्या साच्यावर वाढवायच्या. साचा पुढे विरघळतो, कान उरतो. तो तुमचाच."

"आणि साचा कशावरून?"

"तुमच्या उजव्या कानावरून. त्याचंच उलटं प्रतिबिंब."

उजव्या कानाची सगळ्या बाजूंनी मोजमापं झाली. बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "नीट घ्या हो, आमच्या घरचे कान आहेत." आणि ते होतेच तसे. सुपासारखे, डोक्यापासून चांगले फटकून उभे. बापलेक शेजारी बसले की कुणाला नातं विचारावं लागत नसे. शाळेत मुली बाईंना 'सुपडी' म्हणायच्या. कित्येक वर्षं त्यांनी केस कानांवर ओढून घेतले. मग कामाच्या धबडग्यात कधीतरी ते ओढणं सुटलं, आणि सुटलं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी प्रयोगशाळेतली मुलगी झाकणाचा डबा घेऊन खोलीत आली. महिनोन्‌महिने तिनेच तो कान वाढवला होता. "बघायचाय?" तिने कौतुकाने विचारलं.

गुलाबी पाण्यात कान होता. फिकट, गुळगुळीत, नाजूक. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हा कुणाचा?"

बाईंनीही पाहिलं. वरची कड आत दुमडलेली, सगळा कान चपटा, डोक्याला चिकटून बसेल असा. "डबा बदलला का गं?"

"नाही हो! तुमचाच आहे." मुलगी गोंधळली. "मला आराखडा मिळाला तसाच वाढवलाय मी."

तेवढ्यात सर्जन आला. बाईंनी विचारताच हसला. "हो, आकारात थोडी सुधारणा केली मी. तुमच्या मूळ कानात जरा दोष होता."

"कसला दोष?"

"बाहेर आलेले कान, बाई. जन्मजात असतात. आता संधी मिळालीच आहे, तर कशाला ठेवायचे? उजवाही दोन टाक्यांत मागे ओढून घेऊ, म्हणजे जोडी जुळेल. त्याचं वेगळं काही घेणार नाही."

बाबांनी टोपी हळूच कानांवर ओढली.

बाईंना ते दिसलं, आणि त्यांचा संताप मस्तकात गेला.

"कुणाला विचारून?"

"यात विचारण्यासारखं काय आहे? चांगलंच केलंय."

"गाडीचा एक आरसा फुटला म्हणून गाडी तुमच्याकडे दिली, तर तुम्ही दुसऱ्याच गाडीचा आरसा आणलात! वर म्हणता, आता धडधाकट आरसाही काढू, म्हणजे जोडी जुळेल. माझ्या चांगल्या कानाला सुरी लावणार तुम्ही?"

"अहो, लोक यासाठी रांगा लावतात."

"लावू देत. मी त्या रांगेत नव्हते. मला माझा कान हवा होता."

बाबांनी त्यांच्या हाताला हात लावला. "राहू दे गं. खरंच देखणा आहे तो. माझ्यामुळे लहानपणी किती रडलीस तू. मला वाटायचं, कान सोडून दुसरं काहीही द्यायला हवं होतं तुला."

"बाबा, तुम्ही गप्प बसा. आणि ती टोपी आधी वर करा." त्यांनी सर्जनकडे बोट दाखवलं. "रडले ते रडले. चाळिशी उलटता उलटता त्यातून बाहेर पडले, ते काय ह्यांनी मला पुन्हा दोष दाखवावा म्हणून?"

सर्जनचा चेहरा उतरला. आज नकार दिलात तर पुन्हा संधी मिळेलच असं नाही, असं त्याने बजावलं. बाईंनी ऑपरेशनसाठी गालावर काढलेल्या शाईच्या खुणा ओल्या टॉवेलने खसाखसा पुसल्या आणि बाबांना घेऊन घरी आल्या.

त्यांनी तक्रार केली. हॉस्पिटलच्या समितीपुढे बोलावणं आलं. लांबलचक टेबलापलीकडून एका सभ्य गृहस्थाने अगदी मायेने विचारलं, "पण बाई, जरा बरं दिसण्यात नुकसान काय?"

"तुमचं नाक सुधारू का?" बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपलेले असताना?"

कुणी हसलं नाही. गृहस्थांचा हात मात्र नाकाकडे गेला. मग प्रयोगशाळेतल्या मुलीने पुढे येऊन सांगितलं की मूळ मोजमापं तशीच ठेवलेली आहेत, पेशीही गोठवलेल्या आहेत, आणि तिची पुन्हा वाढवायची तयारी आहे. समितीला मान डोलवावीच लागली.

दुसरा कान व्हायला पुन्हा तितकेच महिने गेले. ऑपरेशन त्याच सर्जनने केलं. त्याचा हात उत्तम होता, हे बाई आजही मान्य करतात. माफी त्याने मागितली नाही. कागदावर 'रुग्णाच्या हट्टामुळे विलंब' असं लिहिलं. बाईंनी ते वाचलं, खोडायला लावलं, आणि खोडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

पट्टी निघाली तेव्हा कान लालभडक आणि सुजलेला होता, पण फटकून उभा होता. बाबा कितीतरी वेळ एका बाजूने बघत राहिले, मग दुसऱ्या बाजूला जाऊन बघत राहिले.

"अगदी माझ्या आईचा," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून पाहिला. सूज होती, दुखत होतं, तरी काडी टेकली. सर्जन दारात उभा होता. त्याच्याकडे पाहून त्यांचा राग अजूनही उसळला, आणि तो गिळायचं त्यांना काहीच कारण दिसलं नाही.